नाकपुड्या लहान करण्याच्या ऑपरेशनबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी आर्णी तालुक्यातली, जिल्हा यवतमाळ. माझ्या नाकपुड्या रुंद आहेत, हसले की आणखी पसरतात. श्वासाला त्रास नाही, हाडही ठीक आहे. आई म्हणते, "देवानं दिलं ते चांगलं." पण मला हे मनापासून करायचं आहे. स्थळांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

वाचून एवढं कळलं की याला अलार बेस रिडक्शन म्हणतात. नाकपुडीच्या बुडाशी छोटा तुकडा काढून टाके घालतात, व्रण गालाजवळच्या घडीत लपतो, बहुतेकदा तेवढीच जागा बधिर करून होतं. जास्त कापलं गेलं तर नाकपुडी पुन्हा मोठी करणं कठीण, त्याचीच धास्ती वाटते. शिवाय कान टोचला तिथं माझ्या व्रणाची गाठ फुगली होती. नाकावरही तसंच होईल का? फिलर (सुईनं भरायचं जेल) मला नको, त्यानं रक्तवाहिनी बंद पडू शकते.

नागपूर, अमरावती किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीला कोणी केलं आहे का जी? एम.सीएच. (सर्जरीतली वरची पदवी) झालेले प्लास्टिक सर्जनच बघते आहे. एकूण खर्च किती आला? टाके गावातल्या दवाखान्यात काढता येतात का? आणि कापूस वेचायला, उन्हा-धुळीत किती दिवसांनी जाता आलं?