डाउन सिंड्रोम, वय 3 : घरी बोलायचं कसं?

प्रश्न (सिंहगड रोड):
मुलगी 5-6 शब्द बोलते. आजी दिवसभर "हे काय? ते काय?" विचारतात, ती मान फिरवते. काय बदलावं?

वाचा-उपचारतज्ज्ञ, कोथरूड:
आधी प्रश्न बंद करा, तिच्यासाठी ती परीक्षाच. जमिनीवर समोर बसा, डोळ्याला डोळा भिडेल असं. ती जे हातात घेईल त्यावरच बोला. तिनं वाटीवर चमचा आपटला तर तुम्हीही आपटा, "ठक ठक" म्हणा आणि मनात 10 मोजेपर्यंत गप्प. बहुतेक घरांत घोडं इथंच अडतं. मोठी माणसं दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतात. या मुलांना ऐकलेलं समजून तोंड हलवायला वेळ लागतो. ती "पाणी" म्हणाली तर तुम्ही "पाणी दे". एकच शब्द जास्त. "नीट म्हण" नको.

विशेष शिक्षिका, हडपसर:
शब्दासोबत हाताची खूण करा : दे, अजून, संपलं. खुणांनी बोलणं मागे पडत नाही. दिवसातून दोनदा 10 मिनिटं पुरे, टीव्ही मात्र बंद.

ऑडिओलॉजिस्ट, औंध:
कान तपासलेत? डाउन सिंड्रोममध्ये पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणं नेहमीचं. दुखत नसलं तरी टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का, ते पाहणारी तपासणी) करून घ्या.

प्रश्नकर्ती:
आणि आजींना कसं सांगू?

विशेष शिक्षिका:
सांगू नका, काम द्या. वरणभात भरवताना छोटे घास, प्रत्येकाआधी "अजून"ची खूण करून थांबायचं. तिनं खूण केली नाही तरी घास द्यायचाच. अडवून धरलं तर जेवणच नकोसं होतं.