अनुभव धागा: अलास्का, नॉर्वे किंवा कुठल्याही थंड मुलुखातल्या क्रूझवर खोली कुठली घेतलीत?

कामाटीबाग_आत्या

काल रात्री भाच्याचा फोन आला. "आत्या, अलास्काचं बुकिंग करतोय, आई-बाबा पण येतायत. बाल्कनीची खोली घेऊ की आतली? भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे." त्याच्याशी बोलून फोन ठेवला आणि झोपच लागेना. सगळी सहल डोळ्यांपुढून गेली.

आम्ही कॅनडात व्हँकूव्हरला चढलो आणि अलास्कात व्हिटियर बंदरात उतरलो. बरोबर आई, ऐंशीच्या घरातली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मुलीने हट्टाने बाल्कनीची खोली घेतली होती. हबर्ड हिमनदीच्या दिवशी वरच्या डेकवर माणसांच्या रांगांवर रांगा, आणि वारा इतका बोचरा की डोळ्यांतून पाणी. आईला तिथे उभं करणं शक्यच नव्हतं. ती आपल्या खोलीच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसली. साडीवर दोन स्वेटर, कानटोपी, वरून पलंगावरची रजई. समोर बर्फाचा कडा, जवळजवळ 10 किलोमीटर रुंद. तुकडा कोसळताना आधी दिसतो, आवाज मागून पोचतो. आईच्या हे लगेच लक्षात आलं. कुठे काही ढासळलं की बोट करायची आणि म्हणायची, "आता ऐक." मग तो गडगडाट यायचा. सकाळभर तिचं हेच चाललं होतं. चहा पण तिथेच.

माझं मत विचाराल तर खोली निवडताना आधी बरोबर कोण आहे ते बघा, पैसे आणि डेक नंबर नंतर. जे माणूस वर जाऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत बर्फ आला पाहिजे. एवढ्यासाठी मी बाकी कुठेही काटकसर करीन.

आणि नकाशा बघून घ्या. आमची खोली जहाजाच्या मधोमध, लिफ्टजवळ, आणि वरच्या नि खालच्या दोन्ही मजल्यांवर खोल्याच होत्या. त्यामुळे रात्री टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही.

तुम्ही कुठली घेतलीत? सगळं लिहा, भाच्याला हाच धागा पाठवणार आहे.

दांडियाबाजार

आतली. बिनखिडकीची. पुन्हा गेलो तर पुन्हा तीच घेणार.

आम्ही दोघंच, पाय धड आहेत, सकाळी सहाला डेकवर हजर असायचो. खोली फक्त झोपायला आणि आंघोळीला. वाचलेल्या पैशांत अलास्कातल्या जुनो बंदरातून व्हेल बघायला लहान बोटीतून गेलो. हंपबॅकचं शेपूट पाण्यातून वर येऊन पुन्हा आत गेलं, तेव्हा बायको माझा दंड धरून नुसती उभी होती, फोटो काढायचं भानच नाही. ते बाल्कनीतून इतकं जवळून दिसलं नसतं.

दुसरं म्हणजे अंधार. जूनमध्ये जुनोला सूर्य चारच्या आसपास उगवतो आणि मावळतो रात्री दहानंतर. खिडकीवाले पडद्यांना चिमटे लावत बसतात. आमच्याकडे दिवा बंद केला की काळोख, गाढ झोप.

सुरसागर_काठी

आत्या, "आता ऐक" वाचलं आणि पुढचं दिसेना. माझ्या आजीला समुद्रच बघायचा राहिला. तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

निजामपुरा

मला एक कोणीतरी नीट सांगा. उजवी बाजू घ्यायची की डावी? एजंट म्हणतो काही फरक पडत नाही, साडूभाऊ म्हणतात उजवीच घे.

फतेहगंज_मास्तर

@निजामपुरा, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. व्हँकूव्हरहून उत्तरेला एकेरी जात असाल तर किनारा उजव्या हाताला राहतो. उत्तरेकडून खाली दक्षिणेला येणाऱ्यांना डावी. सिएटलहून जाऊन-येऊन असेल तर एकदा इकडे, एकदा तिकडे, म्हणून फरक नाही. आणि इनसाइड पॅसेजच्या, म्हणजे बेटं नि किनारा यांच्यामधल्या जलमार्गाच्या, अरुंद भागात दोन्हीकडे डोंगर असतातच.

मुख्य हिमनद्यांपुढे तर जहाज सावकाश स्वतःभोवती फिरतं. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानातल्या खाडीत मार्जरी हिमनदीसमोर आमचं जहाज असंच फिरलं, दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना पाळीपाळीने दर्शन. आम्ही डावीकडे होतो, काही चुकलं नाही.

ग्लेशियर बेबद्दल जरा जास्तच लिहितो, कारण मला तिथे मनातून फार हलल्यासारखं झालं. पार्कचे रेंजर छोट्या बोटीने येऊन चालत्या जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. 1794 मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतली माणसं तिथे आली तेव्हा ही खाडी जवळपास नव्हतीच, सगळा बर्फ. 1879 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ 60 किलोमीटरहून जास्त मागे गेलेला. आज आपण जहाजाने जिथे 100 किलोमीटर आत जातो, तिथे तेव्हा बर्फाचा डोंगर होता. हे ऐकत ऐकत त्याच पाण्यावरून जायचं. म्हणून सांगतो, त्या दिवशी खोलीत बसून राहू नका. बाल्कनी असली तरी थोडा वेळ वर जा, रेंजरचं बोलणं तिथे स्पष्ट ऐकू येतं. आम्ही खोलीत टीव्हीवर तोच आवाज लावून बाल्कनीचं दार उघडं ठेवलं होतं, तेही चालतं.

प्रतापनगर_फाटक

मास्तर, सुंदर लिहिलंत.

माझा अनुभव खोलीचा कमी, गाडीचा जास्त, तरी लिहिते. स्कॅगवेला बोट लागली की व्हाइट पासची छोटी गाडी घ्याच. सोन्याच्या मागे लोक धावत होते त्या काळात, 1898 ते 1900 मध्ये, हा मार्ग डोंगर फोडून बांधला. दोन रुळांमधलं अंतर फक्त 3 फूट. वर चढताना डाव्या हाताला बसा, दरी तिकडे आहे. शिखरावर पोचलं की बाकांची पाठ उलटी करतात आणि सगळ्यांना बाजू बदलायला लावतात, त्यामुळे परतताना कोणी वंचित राहत नाही.

तिथे बसल्या बसल्या आमच्या बाबांची आठवण आली. ते रेल्वेत होते, वडोद्याजवळच्या डभोईच्या छोट्या गाडीवर त्यांचा फार जीव.

वाडी_रंगमहाल

@प्रतापनगर_फाटक, डभोईचं नाव काढलंत! डभोई-मियागाम लाइनवर 1862 मध्ये बैल गाडी ओढायचे, इंजिन नंतर आलं. गायकवाडांची रेल्वे. आम्ही लहानपणी मामाकडे त्याच गाडीने जायचो, चाणोदपर्यंत. तुमचे बाबा कुठल्या साली निवृत्त झाले? माझे काका लोको शेडमध्ये होते, ओळख असणार.

प्रतापनगर_फाटक

काका, व्यक्तिगत निरोप पाठवते. नक्कीच ओळखत असतील.

अलकापुरी_उत्तरा

मी नॉर्वेचं लिहिते, कारण तिथला हिशोब वेगळा आहे. बर्गेन ते किर्केनेस किनाऱ्याने जाणारी बोट, ही सेवा 1893 पासून चालू आहे. जाऊन-येऊन 12 दिवस, 34 बंदरं. ती मौजमजेच्या मोठ्या जहाजांसारखी नाही. माल उतरवते, गावकरी चढतात-उतरतात, आणि हे रात्री दोनलाही चालतं. त्यामुळे खालच्या मजल्यावर मालाच्या दाराजवळची खोली घेऊ नका. आमच्या शेजारच्या कुटुंबाची रात्र रात्र झोप उडाली होती. धक्क्याला लागताना जहाज जी बाजूची यंत्रं चालवतं, त्यांनी पलंग थरथरतो.

खिडकी घेणार असाल तर ती कुठे उघडते ते विचारा. काही खोल्यांची खिडकी फिरायच्या डेकवर असते. बाहेरून लोक जात-येत राहतात, दिवसभर पडदा ओढून बसावं लागतं.

आम्ही फेब्रुवारीत गेलो, उत्तर प्रकाशासाठी. त्यासाठी बाल्कनीवर खर्च करू नका हे माझं ठाम मत. तो आकाशात कुठेही उमटतो, डेकवरच जावं लागतं. खोलीतल्या स्पीकरवर घोषणा होते, तेवढी चालू ठेवा. आम्हाला रात्री साडेअकराला उठवलं. यांनी पायजम्यावरच जाकीट चढवलं, मी हातमोजे एका हातातच घातलेले. आधी नुसता राखाडी पट्टा होता, मला ढग वाटला. मग तो हिरवा झाला आणि हलायला लागला. अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून उभी होती. 40 मिनिटं असेल. खोलीत येऊन बोटं गरम पाण्यात धरली, तरी झोपावंसं वाटेना.

कपडे मात्र खोलीच्या दाराशी तयार ठेवा, त्याच क्रमाने.

कोठी_पोळ

आमची खोली पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खाली होती. पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज. आत्यांनी लिहिलंय तेच, वर-खाली खोल्या असलेला मजला घ्या. स्वयंपाकघर, नाटकगृह, डिस्को यांच्या वर-खाली नको. अगदी पुढच्या टोकाला खालच्या मजल्यावर नांगराची साखळी ऐकू येते. आणि मधलं दार असलेल्या जोडखोल्या एका कुटुंबाच्या असतील तरच घ्या, नाहीतर शेजारचं सगळं बोलणं इकडे येतं.

मांजलपूर_मनू

दोन बाल्कन्या शेजारी शेजारी घेतल्या तर मधली पार्टिशन उघडून देतात! आमच्या खोलीवाल्या भाऊंनी एका मिनिटात उघडली. आठ जण, एक लांब ओटला, पत्ते आणि समोर डोंगर. सगळ्या जहाजांवर उघडत नाही, आधी विचारा.

गोत्री_गृहिणी

खाण्याचं काय करता? सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत.

मांजलपूर_मनू

काकू, बुकिंग करतानाच लिहून द्या. आमच्याकडे मुख्य वेटर आदल्या रात्री येऊन उद्याचं विचारायचा, जैन जेवण वेगळं करून द्यायचे. बंद पाकिटातला खाकरा, चिवडा चालला. घरी केलेलं बहुतेक जहाजांवर चालत नाही. फळं, मांस घेऊन अमेरिकेत उतरू नका. खोलीत किटली, इस्त्री नेऊ देत नाहीत, चहा बुफेत मिळतो.

गोत्री_गृहिणी

बरं झालं विचारलं, मी किटली काढून ठेवली होती. आणि बोट लागते का हो? मला दाहोदपर्यंत बसमध्येसुद्धा त्रास होतो.

अलकापुरी_उत्तरा

इनसाइड पॅसेज बेटांच्या आडोशाने जातो, पाणी शांत असतं. पुढे अलास्काच्या उघड्या आखातात हलतं. जहाजाच्या मधोमध आणि शक्य तितकी खालची खोली घ्या, तिथे सगळ्यात कमी जाणवतं. उंच मजल्यावरची पुढच्या टोकाची खोली तुमच्यासाठी नको. डॉक्टरांना विचारून गोळी ठेवा, आणि आल्याची वडी. त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर उपयोग कमी.

हरणी_वारसिया

बाबा चाकाच्या खुर्चीवर असतात. त्यांच्यासाठी वेगळी खोली असते हे आम्हाला मुलीच्या मैत्रिणीकडून कळलं, म्हणून मुद्दाम लिहितो. दार रुंद, न्हाणीघराला उंबरठा नाही, शॉवरमध्ये बसायची जागा, आत खुर्ची वळवता येते. पण अशा खोल्या अख्ख्या जहाजात मोजक्याच. आम्ही वर्षभर आधी घेतली. साध्या खोलीच्या न्हाणीघराचा उंबरठा उंच असतो, तिथे बाबांना उचलून न्यावं लागलं असतं, आणि ते त्यांना मान्य झालं नसतं. इथे ते स्वतः आंघोळ करून, भांग पाडून बाहेर यायचे.

एक विचारून घ्या, कुठल्या बंदरात जहाज धक्क्याला लागत नाही आणि लहान होडीतून नेतात. तिथे खुर्ची उतरवणं अवघड जातं.

सुरसागर_काठी

तुमच्या बाबांना माझा नमस्कार.

समा_सावली

"गॅरंटी" भावाबद्दल कोणीच लिहिलं नाही. स्वस्त पडतं, पण खोली कंपनी ठरवते, तुम्हाला निवड नाही. आमच्या मावशींना खिडकी मिळाली आणि खिडकीत अख्खी जीवरक्षक होडी, नारिंगी. आई-वडील बरोबर असतील तर नंबर बघूनच घ्या. डेकच्या नकाशात होड्या कुठे टांगल्यात ते दिसतं.

निजामपुरा

उजवी बाजू, मधला भाग, आठवा मजला घेतला! मास्तर, आभार. व्हिसाचं आता बघतो. सिएटलहून जाऊन-येऊन आहे तर नुसता अमेरिकेचा पुरेल ना?

फतेहगंज_मास्तर

नाही, थांबा. परदेशी झेंड्याच्या जहाजांना अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं असेल तर मधे परक्या देशाच्या बंदरात थांबावं लागतं, 1886 चा कायदा आहे. म्हणून ती जहाजं कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा पण लागेल, आणि अमेरिकेचा अनेक वेळा प्रवेशाचा हवा. आधी अमेरिकेची तारीख बघा, वेळ त्यालाच लागतो. आणि सिएटल असेल तर उजवी-डावीसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

निजामपुरा

उजवीला जास्तीचे नाही लागले. कॅनडाचं मात्र एजंट बोललाच नाही. उद्याच फॉर्म भरायला बसतो.

गोत्री_गृहिणी

मे की सप्टेंबर? यांना दोन्हीकडे सुट्टी आहे.

दांडियाबाजार

मे. पाऊस कमी, डोंगरांवर बर्फ जास्त. सप्टेंबरमध्ये पाऊस वाढतो. अलास्कातल्या केचिकन बंदरात तर कधीही जा, छत्री नको, टोपीचा रेनकोट घ्या, वारा छत्री उलटी करतो. सदर बाजारात मिळतात त्यापेक्षा जाड घ्या.

गोत्री_गृहिणी

मे सांगते यांना. रेनकोट दोघांचे बघायला उद्या जाते, सासूबाईंचा माप देऊन शिवून मिळेल का कुठे?