घरच्यांनीच न पाहिलेलं गाव : डिसेंबरच्या सुट्टीतले अनुभव

माझी आत्या चाळीस वर्षं मेहकरला राहते. लोणार तिथून गाडीने तासाभराच्या आत. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेलो तेव्हा सहज विचारलं, "सरोवर किती वेळा पाहिलंस गं?"

"लग्न झाल्यावर देवीला गेले होते की. नंतर कोण आलं न्यायला?"

दुसऱ्या दिवशी आधी तिला गाडीत बसवलं, मग मुलांना. उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेलं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, ही माहिती धाकट्याने शाळेतूनच पाठ करून आणली होती. काठावर उभा राहिल्यावर मात्र त्याची बोलती बंद. वर धारेचं, म्हणजे झऱ्याचं, पाणी गोड, आणि उतरून खाली गेलं की सरोवराचं पाणी खारट, बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागणारं. "गुलाबी कुठाय?" हा प्रश्न आलाच. जून २०२० मध्ये झालं होतं ते, सूक्ष्मजीवांमुळे. रोज नसतं, एवढं सांगून सुटलो.

आत्याचे गुडघे खाली उतरू देईनात. ती गावातल्या दैत्यसूदन मंदिरात थांबली. आम्ही परत आलो तर मान वर करून छतावरची शिल्पं बघत होती. मान दुखत असणार, पण हलायला तयार नाही. "एवढं जवळ होतं होय हे!" परतताना शेतात आगटी पेटवून हुरडा. गुळभेंडी ज्वारीचा, सोबत दाण्याची चटणी. मुलांना सरोवरापेक्षा हाच जास्त आवडला, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तुम्हीही सांगा. सुट्टीत पाहुणे म्हणून गेलात आणि घरच्यांनाच त्यांचं गाव दाखवलंत, किंवा याच्या उलट. रिसॉर्टचे किस्से नकोत, नातेवाइकांकडच्या मुक्कामाचेच हवेत.

*

मामाचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. आम्हाला भिगवणचे रोहित पक्षी बघायचे होते. मामाचं म्हणणं, "पाखरं बघायला पुण्याहून पेट्रोल जाळत आलात?" रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत आलो होतो, त्यामुळे मलाही ते थोडं पटलं.

पहाटे तो कसाबसा होडीत बसला. धुकं होतं. पट्टकदंब हंसांचा थवा डोक्यावरून गेला, आम्ही कॅमेरे उचलले, आणि हा भलतीकडेच बघतोय. मग होडीवाल्याला म्हणाला, "जरा डावीकडं घे." पाणीच पाणी होतं तिथे. "इथं आपली विहीर. त्या तिथं शाळा." धरण १९८० मध्ये झालं, त्याआधीचं गाव त्याच्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं होतं. आईने हे मला कधीच सांगितलं नव्हतं. रोहित दिसले, भरपूर दिसले. फोटो बरे आले नाहीत.

*

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे पाहुणे ज्यांच्याकडे येतात त्यांच्यातली. सासर अलिबाग. "वहिनी, फक्त दोन दिवस हं" असे फोन नोव्हेंबरपासूनच सुरू होतात. मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, आल्यापासून मुंबईकर गाडीसकट येतात, त्यामुळे "शेवटची बोट चुकेल" म्हणून उठायचं कारणही संपलं! कुलाबा किल्ला मी इतक्या वेळा दाखवलाय की आतल्या गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी काय बोलायचं ते मला आणि घोडागाडीवाल्याला सारखंच पाठ आहे.

गेल्या वर्षी पुतण्या मोबाइलवर भरतीची वेळ शोधत बसला. रेंज नव्हती. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आज अष्टमी ना? आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला पुरी ओहोटी. साडेदहाला निघा, दीडच्या आत परत या." तिथीला तीनने गुणून चारने भागायचं, एवढंच गणित. पोरांना ते गंमतीचं वाटलं. अडीचपर्यंत किल्ल्यात फोटो काढत बसली आणि मग घोडागाडीत पाय वर घेऊनही बूट भिजवून आली.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पोपटीच्या मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावत होत्या. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला की झालं. पाहुणे पोपटीचं कौतुक चवीसाठी करतात. मला ती आवडते कारण त्या रात्री चूल पुरुष सांभाळतात आणि घासायला भांडी पडत नाहीत.

*

माझं सासर तंजावरचं मराठी. डिसेंबरात तिकडे जाताना स्वेटर नाही, छत्री घ्यावी लागते, परतीचा पाऊस रेंगाळलेला असतो. पहाटे गल्लीभर दारांपुढे मार्गळी या तमिळ महिन्याचे कोलम, म्हणजे रांगोळ्या, आणि आठ वाजता सर येऊन निम्मे पुसलेले.

मोठ्या देवळात, राजराज चोळाच्या बृहदीश्वरात, नवरा लहानपणापासून जातोय. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. देवनागरीत, मराठीत, हातच्या हात लांबच लांब. माझा नवरा घरी मराठी बोलतो, पण शिकला तमिळमधून. देवनागरी त्याला वाचता येत नाही. सासऱ्यांनाही जेमतेमच. मी बोट ठेवून अडखळत वाचत होते, मराठी जुनं, मध्येच अडायला व्हायचं. अडले की सासरे शब्द सांगायचे. तो शब्द मला माहीत नसायचा, त्यांच्या मात्र रोजच्या बोलण्यातला. असे आम्ही दोघांनी मिळून चार-पाच ओळी केल्या. नवरा छत्री धरून उभा होता.

*

इंदूरच्या काकूंकडे जाताना दर वेळी महेश्वर ठरलेलं असतं. अहिल्याबाईंचा घाट, नर्मदेत होडी, साड्या, सगळं. प्रत्यक्षात सकाळी पोह्यांपासून गप्पा सुरू होतात आणि रात्री अकराला सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन संपतात. तिथे गरमागरम तळलेले गराडू नावाचे कंद, वर जिरावन मसाला आणि लिंबू. महेश्वर पुढच्या वर्षी नक्की, असं यंदा तिसऱ्यांदा ठरलंय.