मदत हवी आहे: बोटीवरचं प्लास्टिकचं टेबल दुरुस्त करू की नवं घेऊ?

मंडळी, आमची जुनी २६ फुटी शिडाची बोट गोव्यात मांडवी नदीत ब्रिटोनाजवळ असते. कॉकपिटमधलं (म्हणजे बोटीतल्या उघड्या बसायच्या जागेतलं) घडीचं टेबल उन्हानं पार गेलंय. हात फिरवला की खडूसारखी पांढरी पूड लागते, आणि बिजागरीच्या स्क्रूपासून निघालेली चीर आता वीतभर झालीय. परवा टेबल वाकलं आणि चहा थेट मेव्हण्याच्या मांडीवर. (तेव्हापासून तो बोटीवर फिरकलेला नाही, तेवढाच फायदा.)

एपॉक्सी लावलं, आठ दिवसांत पापुद्र्यासारखं सुटलं. मग टेबलाची एक कातरण पाण्यात टाकून पाहिली, तर तरंगली. म्हणजे पॉलिथिलीन नाहीतर पॉलिप्रॉपिलीन, त्याला गोंद धरणार कसा!

आता नवं करायचं तर आयएस ७१० (भारतीय मानकाचं) मरीन प्लाय की १२ मिमी एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन) शीट? प्लायच्या कडा नीट सील झाल्या नाहीत तर फुगणार. एचडीपीई पाणी पीत नाही, पण भर उन्हात मधोमध झोळ येईल का? खाली पट्ट्या माराव्या लागतील का?

माप ७० बाय ४५ सेंमी. पणजी, म्हापसा किंवा वास्कोकडे शीट कापून कडा गोल करून देणारं कोणी माहीत असेल तर कृपया सांगा. बिजागऱ्या ३१६ स्टीलच्याच (खाऱ्या पाण्यात कमी गंजणारं स्टेनलेस स्टील) हव्यात, आधीच्या बिजागऱ्या सहाच महिन्यांत गंजल्या.