अंगावरचं कोड लपवायची सवय कशी सोडवली तुम्ही?

मोगरा:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. वय २९, चार वर्षं झाली, दोन्ही हातांच्या बोटांवर आणि ओठांच्या कडेला कोड आहे. ट्रीटमेंट चालूय, तो प्रश्न नाही. मी सतत लपवत असते, भर मे महिन्यात फुल बाह्या, ऑफिसला निघायच्या आधी पाऊण तास कन्सीलर, डबा पण एकटीच खाते. पुढच्या महिन्यात सांगलीला मामेबहिणीचं लग्न आहे आणि मामी अगदी प्रेमानेच म्हणाली की ग्रुप फोटोत जरा मागे थांब हं, तेव्हापासून जावंसंच वाटत नाहीये. हे मनातून जातं का कधी?

कृष्णाकाठ:
मला १८ वर्षं झाली गं. सगळ्यात जास्त काय लागलं सांगू, एका हळदीकुंकवाला काकू मला कुंकू लावताना थबकल्या आणि करंडा नुसता पुढे केला, तूच लावून घे म्हणाल्या. घरी येऊन खूप रडले. पुढच्या संक्रांतीला मीच घरी हळदीकुंकू ठेवलं, आलेल्या बायकांना आधी सांगितलं की हे शिवल्याने होत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून होतं, आणि ह्याच हातांनी सगळ्यांना कुंकू लावलं. दोघी परत आल्या नाहीत, बाकीच्या दरवर्षी येतात. सगळं एकदम सोडायला जाऊ नकोस, मी आधी फक्त भाजी आणायला अर्ध्या बाह्यांत जायचे, ऑफिसला तसं जायला वर्ष गेलं. आणि मेंदी काढ लग्नात, कोडावर पण छान रंगते.

वडाची पारंबी:
माझ्या लेकीला नवव्या वर्षी झालं. सासूबाई म्हणायच्या मी गरोदरपणात दूध आणि मासे एकत्र खाल्ले म्हणून, आणि मी कित्येक वर्षं ते खरं मानून स्वतःला दोष दिला, डॉक्टर काही संबंध नाही म्हणाले तरी. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन आहे, खास कोड असलेल्यांसाठी. तिथे लेकीने पहिल्यांदा एका खोलीत इतकी आपल्यासारखी माणसं पाहिली, येताना रिक्षात सारखी बोलत होती. एकदा जाऊन ये नक्की.

रानजाई:
एक वेगळंच सांगते, चिकटवायची टिकली लावत असशील तर कपाळाकडे लक्ष ठेव, तिच्या गोंदातल्या केमिकलने काही जणींना तिथेच पांढरा डाग पडतो. माझा तसाच सुरू झाला होता. आणि डागांवर सनस्क्रीन लावच, तिथे त्वचेला रंग देणारं मेलॅनिन नसतं त्यामुळे ऊन लगेच भाजतं.

मोगरा:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल मामीला फोन केला आणि म्हटलं मी नवरीच्या शेजारीच उभी राहणार. ती जरा गप्प झाली, मग म्हणाली अगं मला वाटलं तुलाच फोटो नको असतात. कन्सीलर लावायचा की नाही अजून ठरत नाहीये. मेंदीवालीला मात्र कोपरापर्यंत सांगितलीय.