‘सेवेचा करार’ की ‘सेवेसाठी करार’?

प्रश्न : वकिलांविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार चालणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १४ मे २०२४चा निकाल. बातम्यांत कुठे ‘वैयक्तिक सेवेचा करार’, कुठे नुसतं ‘सेवा करार’. अर्थ एकच का?

उत्तर : नाही हो, निकालाचा एक मुख्य आधार ‘सेवेचा’ की ‘सेवेसाठी’ या प्रत्ययावरच तोललेला आहे. ‘सेवेचा करार’ म्हणजे मालक-नोकराचं नातं. काम काय आणि ते कसं करायचं, दोन्ही मालक सांगतो. ‘सेवेसाठी करार’ असेल तर काम तुम्ही सांगता, पण ते कसं करायचं हे करणारा ठरवतो. ग्राहक संरक्षण कायद्याने ‘सेवा’च्या व्याख्येतून वैयक्तिक सेवेचा करार वगळलाय. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात डॉक्टर ‘साठी’त बसले, म्हणून कायद्याच्या कक्षेत आले. वकिलावर अशिलाचं थेट नियंत्रण असतं, असं धरून न्यायालयाने त्याला ‘चा’मध्ये घातलं. ‘सेवा करार’ लिहिलंत की हा भेदच पुसला जातो.

प्रश्न : मग ‘साठी’ला ‘कंत्राटी सेवा’ म्हणू या?

उत्तर : नको. ‘कंत्राटी’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे कंत्राटी कामगार येतो, म्हणजे नेमका उलटा अर्थ. प्रत्यय बोजड वाटला तरी ठेवावा आणि पहिल्यांदा येताच कंसात फोड करावी.

आणखी एक मुद्दा : त्याच बातम्यांतलं ‘नागरी दायित्व’ही खटकतं. नागरी असतात त्या सुविधा. हे ‘दिवाणी दायित्व’. वकिलाच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं तर भरपाईसाठी दिवाणी दावा लावायचा. बार कौन्सिलकडे (वकिलांच्या नियामक संस्थेकडे) गेलात तर १९६१च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५खाली प्रश्न ‘गैरवर्तणुकी’चा असतो. शिक्षा तीन : ताकीद, ठरावीक काळ सनद (वकिलीचा परवाना) निलंबित, नाहीतर नाव वकिलांच्या पटावरून कमी. भरपाई तिथे मिळत नाही. शिवाय नुसता निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तणूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्येच म्हटलंय. तेव्हा ‘निष्काळजीपणा’ आणि ‘गैरवर्तणूक’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

प्रश्न : आणि ‘निष्काळजीपणा’ऐवजी ‘हयगय’?

उत्तर : तो फौजदारीतला शब्द. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ३०४-अ कलमाच्या मराठी पाठात ‘हयगयीने मृत्यूस कारण होणे’ होतं. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. डॉक्टरवर फौजदारी चालवायला साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर लागतो (सर्वोच्च न्यायालयाचा २००५चा निकाल). म्हणूनच ग्राहक आयोगाच्या बातमीला ‘डॉक्टर दोषी’ हा मथळा चूक. तिथे कुणी दोषी ठरत नाही, ‘सेवेत त्रुटी’ सिद्ध होते.