मदत हवी आहे: फ्युएल प्रेशर कमी, पंप गेलाय की वायरिंग?

पेट्रोल गाडी, पोर्ट इंजेक्शन (इंजेक्टर इनटेकमध्ये पेट्रोल फवारतात), जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन नाही. प्रेशर रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या असेंब्लीत. चढावर दम टाकते, आयडलिंगला ठणठणीत. एरर कोड पी0171, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय.

इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर (रेलवर) प्रेशर गेज लावला. मॅन्युअलप्रमाणे 3.5 बार हवं, आयडलला 3.1, रेस केली की काटा थरथरत 2.4 वर येतो. इंजिन बंद केल्यावर मात्र प्रेशर टिकतं, म्हणजे इंजेक्टर गळत नसावेत. फिल्टर नवा, रिले बदलून पाहिला.

इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर 12.1. हा दोन व्होल्टचा फरक (ड्रॉप) मला खटकतोय. मेकॅनिक म्हणतो, थेट पंप बदला. पण त्यासाठी टाकी उतरवावी लागते, म्हणून आधी खात्री हवी.

हा ड्रॉप पॉझिटिव्हकडे आहे की अर्थिंगला, हे शोधायला मल्टिमीटरच्या पिना नेमक्या कुठे लावू? आणि दोन व्होल्टनी प्रेशर इतकं पडू शकतं का?